इंग्रजीत ‘जरासं’ कसं म्हणायचं

मिसळ पुढ्यात आली की आपण म्हणतो, दादा तर्री जराशीच, कांदा मूठभर टाका, शेव चिमूटभर पुरे, आणि वाढणाऱ्याला प्रत्येक वेळी किती ते बरोबर कळतं. इंग्रजीत मात्र बरेच जण सगळीकडे एकच ‘लिटल’ लावतात, कधी तर ‘लिटल लिटल’. खरं तर इंग्रजीत पण आपल्यासारखेच भरपूर शब्द आहेत, फक्त आपल्या ‘भर’वाल्या शब्दांशी जोडून लक्षात ठेवायचे.

पण त्याआधी तो बारकासा ‘अ’ नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. माझी भाची गंगापूर डॅमकडे एका वायनरीत कामाला होती, बाहेरच्या पाहुण्यांनी टेबल आहे का विचारलं तर ती म्हणाली ‘वुई हॅव फ्यू टेबल्स’, तिला म्हणायचं होतं आहेत की दोन-चार, त्यांना वाटलं जवळपास नाहीतच, आणि ते निघूनच गेले. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे फारसे नाहीत. ‘लिटल’चंही तसंच, ‘अ लिटल टाइम’ असला तर चहा घेऊन निघता येतं, ‘लिटल टाइम’ असला तर चहा राहू द्या. मोजता येतं तिथे फ्यू, म्हणजे खुर्च्या, माणसं, द्राक्षाचे घड, आणि पाणी, साखर, वेळ असलं काही असेल तर लिटल.

रोजच्या बोलण्यात सगळ्यात कामाचं ‘अ बिट’. हा शब्द मुळात ‘बाइट’च्याच घरातला, म्हणजे आपलं घासभर. वस्तू असेल तर ‘ऑफ’ लावा, ‘अ बिट ऑफ शुगर’, आणि कसं आहे ते सांगायचं असेल तर ‘ऑफ’ नको, नुसतं ‘अ बिट स्पायसी’. ‘अ टॅड’ मला फार आवडतो, ‘अ टॅड सॉल्टी’ म्हणजे जरा खारट झालंय हं, करणाऱ्याचं मन न दुखवता सांगता येतं.

किचनमध्ये पिंच म्हणजे चिमूटभर, हळद, हिंग, मीठ असल्या कोरड्या गोष्टींना. ड्रॉप थेंबभर, स्प्लॅश त्याहून थोडं जास्त, दोन्ही पातळ गोष्टींना. डॅश दोन्हीकडे चालतो, लिंबाचा रस असो की मिरपूड. स्मिजन म्हणजे अगदी कणभर. या नावांचे मापाचे चमचे पण मिळतात, त्यात साधारण डॅश म्हणजे छोट्या चमच्याचा 1/8, पिंच 1/16 आणि स्मिजन 1/32, पण बोलताना कोणी असं मोजत बसत नाही. वाईन टेस्टिंगला ‘अ हिंट ऑफ पेपर’ ऐकाल, त्यात कोणी मिरी घातलेली नसते, मिरीची नुसती झाक लागते.

माणसांसाठी ‘अ हँडफुल ऑफ पीपल’, आपलं मूठभर लोक, शब्दाला शब्द तोच. ‘अ कपल ऑफ’ म्हणजे दोन, पण गप्पांत दोन-तीन पण चालतं.

आणि हे दोन लिहूनच ठेवा, ‘क्वाइट अ फ्यू’ आणि ‘क्वाइट अ बिट’. दिसतात थोडे पण अर्थ बरेच, भरपूर. रामकुंडावर ‘क्वाइट अ फ्यू पीपल’ आहेत असं कोणी फोनवर सांगितलं तर गाडी लांबच लावा.