बालवाडीच्या नोंदवहीतल्या या चुका टाळा

बालवाड्यांच्या नोंदवह्या मी बरीच वर्षं तपासते आहे. दर जूनला नव्या ताई येतात आणि तोच शेरा पुन्हा दिसतो: 'बोबडं बोलते'. मूल काहीही वेगळं बोललं की हाच शब्द.

उच्चार आणि व्याकरण यांची ही गल्लत मला फार सलते. 'कावळा'चं 'तावला' झालं, तर तो उच्चाराचा प्रश्न. ध्वनी अजून जिभेवर बसलेला नाही. 'घोडाला' म्हणणाऱ्या मुलाचा उच्चार मात्र स्वच्छ असतो. प्रत्यय लागताना 'घोडा'चं 'घोड्या' होतं, ते सामान्यरूप त्याला अजून यायचं आहे. आणि 'बाबा जाला'? बसला, हसला, पडला यांवरून मुलानं नियम ओळखला आणि 'जाला' स्वतः घडवलं. ही प्रगती आहे.

एका बालवाडीत चार वर्षांच्या मुलीपुढे 'बोबडी' असं लिहिलं गेलं. आईनं घरी रोज 'र, र, र' घोटून घ्यायला सुरुवात केली. मी तिच्याशी अर्धा तास भातुकली खेळले. र, ळ, ड सगळं ठणठणीत. चुकत होतं ते 'मी भात करला' एवढंच. पण तोवर ती वर्गात बोलायचीच थांबली होती, आणि पुन्हा बोलती व्हायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून मी ताईंना शेरा लिहूच देत नाही. मुलाचं वाक्य जसंच्या तसं, तारीख घालून लिहा. दहा वाक्यं जमली की काय चुकतंय ते दिसतं. आणि 'करला'ला उत्तर द्यायचं ते 'हो का, तू भात केला? वाढ मला!' असं. 'नीट बोल' म्हणायचं नाही.

दुसरी गल्लत अक्षर आणि ध्वनी यांची. 'क' या एका अक्षरात क् आणि अ असे दोन ध्वनी आहेत. 'कमळ' लिहिताना अक्षरं तीन, पण शब्द तोडून बोलताना दर तुकड्याला एक टाळी वाजवली, तर टाळ्या दोनच: क-मळ. शेवटच्या ळमधला अ आपण उच्चारत नाही. फळ्याकडे बघून तीन टाळ्या वाजवल्या की कानाचा खेळ डोळ्यांचा होतो. म्हणून मी खेळाआधी फळा पुसते, तक्ता उलटा करते. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च लिहायला एक, ऐकायला वेगळा. तिथे मूल अडखळलं तर त्याचा कान बरोबर आहे. ध्वनी ओळखण्याची सुरुवात म, प, ब यांनी करा. पालकांना जुलैपर्यंत क ते ज्ञ पाठ हवं असतं. मला 'मामा' आणि 'मासा' एकाच आवाजानं सुरू होतात हे ओळखणारं मूल जास्त पुढे गेलेलं वाटतं.

मुलगा 'मी जाते' म्हणतो, कारण दिवसभर आईचं ऐकतो, हसू नका.

अनुस्वार म्हणजे 'न' असं शिकवू नका. 'गंगा' आणि 'आंबा' म्हणून बघा.

'पानी', 'लोनी' ही घरची बोली आहे; तिला उच्चारदोष म्हणू नका.

मूल हाकेला वळत नसेल, किंवा पाचवं वर्ष उलटूनही 'तावला' तसंच असेल, तर जिभेचे व्यायाम सुरू करण्याआधी कान तपासून घ्या.