नवी कोल्हापुरी पायात कशी रुळवायची (आणि तेलाच्या बाटलीपासून कशी वाचवायची)

जून २०२५मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी अंगठ्याची चामडी चप्पल झळकली आणि आपल्याकडे एकच गिल्ला झाला. सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायकांनी कोल्हापुरी घेतल्या. आठवड्याभराने प्रत्येकीचा मेसेज तोच : "अगं, चावतात गं! काय करू?"

गेली सोळा-सतरा वर्षं मी कोल्हापुरी वापरते आहे. पैठणीवर, लिननच्या ड्रेसवर, डिझायनर लेहंग्यावरसुद्धा. या प्रश्नावर मिळणारे सल्ले ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

घेताना

दुपारनंतर जा, पाय थोडे सुजलेले असतात. वादीने (चामड्याच्या दोरीने) शिवलेली, खिळा नसलेली, कडेला चामड्याचे थर दिसणारी चप्पल बघा. नाकाजवळ धरली की चामड्याचा वास आला पाहिजे, रबराचा नाही. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते सामाईक आहे. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा जोड दाखवला तर "हा कोल्हापूरचा नाही" म्हणून नाक मुरडू नका, अथणीचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच करतात.

मापाचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. पट्टा सैल होतो, अंगठा (म्हणजे चपलेचं बोट घालायचं चामडी कडं) सैल होतो, तळ वाढत नाही. टाच मागे लोंबत असेल तर तो जोड आयुष्यभर लोंबतच राहणार. आणि "सैल होईल" म्हणून पट्टा फार घट्टही नको, तसाच "चावेल" म्हणून एक नंबर मोठाही नको. मोठा जोड रुळल्यावर पायातून निसटतो आणि मग बोटं आखडून चालावं लागतं. पाऊल घट्ट धरलं जावं, पण पट्ट्याखालची कातडी पांढरी पडू नये, एवढंच बघायचं.

रुळवणं

खरा घोळ इथेच होतो.

माझी पहिली चांगली कोल्हापुरी मधाच्या रंगाची कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) होती, बारीक वेणीची. मैत्रिणीच्या लग्नात एका डिझायनरकडून शिवलेल्या मोतिया रंगाच्या चंदेरी अनारकलीखाली घालायची म्हणून घेतलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, रात्रभर खोबरेलात बुडवा, लोण्यासारखी होईल." मी परातीत तेल ओतलं आणि चपला बुडवल्या. सकाळी लोणी झालंच होतं. मधाचा रंग जाऊन काळपट डाग पडले होते, तळाचे थर फुगले होते आणि वेणी इतकी ढिली पडली होती की बोट घातलं तर उलगडेल. तरीही घातल्या, कारण दुसरं काही नव्हतं. दोन तासांत घेराच्या काठावर तेलाचा पट्टा चढला. ती अनारकली आजही कपाटात आहे, पण तो काठ कापून वर घेतलेला.

कारण साधं आहे. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं, वरून प्लास्टिकचा लेप नसतो. ते जे मिळेल ते पितं, आणि एकदा प्यायलेलं तेल परत देत नाही. देतं ते तुमच्या साडीच्या काठाला.

पाण्यात भिजवण्याचा सल्लाही तितकाच वाईट. कारागीर कातडं ओलं करतो हे खरं. पण ते ओलं असतं तेव्हा त्याच्या हातात असतं, तो त्याला हवं तसं वळवतो. तुम्ही बादलीतून काढून गॅलरीत ठेवलेली चप्पल स्वतःच्या मर्जीने आकसते आणि पापडासारखी कडक होते. हेअर ड्रायर आणि ऊन यांच्याबद्दल तर मला बोलायचंच नाही.

चप्पल मऊ होते ती पायाच्या ऊबेने, किंचित घामाने आणि वजनाने. म्हणून तिला पायच द्यावा लागतो, थोडाथोडा. माझी पद्धत अशी :

पहिल्या रात्री कापसाच्या बोळ्यावर एरंडेलाचे तीन-चार थेंब घ्या. हो, तीन-चार! ते फक्त पट्ट्याच्या आतल्या बाजूला आणि चपलेच्या अंगठ्याच्या आत चोळा. तळाला लावू नका, पाय घसरतो आणि टाचाही काळ्या होतात. रंगाची काळजी असेल तर आधी पट्ट्याच्या खालच्या कोपऱ्यावर एक थेंब लावून बघा, कारण एरंडेलानेही रंग थोडा गडद होतोच. मी एरंडेल वापरते कारण ते जाड असतं आणि जागेवर राहतं. खोबरेल थंडीत गोठतं, मोहरीच्या तेलाचा वास जात नाही. सकाळी कोरड्या सुती फडक्याने पुसून काढा. पहिल्या आठवड्यात असं दोनदाच. तिसऱ्यांदा हात तेलाच्या बाटलीकडे गेला तर बाटली शेजारणीकडे ठेवा.

दुसरं काम अंगठ्याच्या कडेचं. नव्या चपलेत सगळ्यात जास्त लागते ती अंगठ्याची आतली कापलेली धार, पट्टा नव्हे. स्टीलच्या चमच्याची पाठ घ्या आणि त्या कडेवर दाबून घासत राहा, दोन-तीन मिनिटं. कड गोल होते, गुळगुळीत होते. हा उपाय मला एका म्हाताऱ्या चांभारकाकांनी शिकवला आणि आजवर कुठल्याही दुकानदाराने सांगितलेला नाही. अंगठा फारच आवळत असेल तर जाड मार्कर पेनाला फडकं गुंडाळून तो रात्रभर आत खुपसून ठेवा.

मग तळ. चवड्याच्या जागी, म्हणजे बोटं जिथे वाकतात तिथे, दोन्ही हातांनी धरून दहा-बारा वेळा हलकेच वाकवा. चपातीसारखी घडी घालू नका. मी एकदा घातली होती, आणि वरचा थर तिथेच सुटला.

आता घालायचं. पायाच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळा. पहिले तीन दिवस घरातच, वीस मिनिटं. संध्याकाळी, कोरड्या पायांनी. आंघोळीनंतर लगेच घालू नका, ओली फुगलेली कातडी पटकन सोलवटते. चौथ्या दिवसापासून अर्धा तास, जिना चढउतार करत. दुसऱ्या आठवड्यात चिंधी काढा आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन या. चौदा-पंधरा दिवसांत चप्पल तुमची होते. लग्न परवा असेल आणि जोड आज घेतला असेल तर दुसरं काहीतरी घाला, मला मेसेज करू नका.

दुखण्यातला फरकही ओळखायला शिका. पाऊल सगळीकडून दाबल्यासारखं वाटतंय? चालू द्या, सैल होईल. एकाच जागी कापतंय, जळजळतंय? लगेच काढा. फोड आला तर दोन दिवस सुट्टी. आणि हाडावर तीच जागा पाचव्या-सहाव्या दिवशीही लागत असेल तर तो पट्टा तिरका बसलेला आहे, त्याला तेलाने काही होत नाही. चांभाराकडे न्या. कान (पट्टा तळाला जोडणारी बाजूची पाळी) थोडा सोडून परत शिवायला त्याला फार वेळ लागत नाही.

कशावर घालायची

इथे मत माझं, वाद घालू नका. पैठणीवर साधी, बिनगोंड्याची, नैसर्गिक रंगाचीच. पदरावर मोर नाचत असताना पायात जरी आणि गोंडे कशाला? गोंडेवाली चप्पल साध्या खादीच्या कुर्त्यावर खुलते. सोनेरी पट्ट्यांच्या कोल्हापुरी मला एकंदरच आवडत नाहीत, पण ऑक्सिडाइज्ड ठुशीबरोबर काळी कोल्हापुरी फार देखणी दिसते.

दागिन्यांची एक गोष्ट कुणी सांगत नाही. जोडवी चपलेच्या अंगठ्याच्या कडेवर घासतात आणि कड तर झिजतेच, वर बोटही सोलवटतं. रुळवण्याच्या दिवसांत जोडवी काढता येत असतील तर काढा, नाहीतर चपटी घाला. घुंगरांचं पैंजण वेणीत अडकतं. ते थोडं वर चढवा.

आणि डिझायनर लेहंगा किंवा गाऊन शिवायला देताना कोल्हापुरी पायात घालूनच उंचीचं माप द्या. टाचांच्या सँडलवर मोजलेला घेर कोल्हापुरीवर सरळ जमीन झाडतो. लग्नाच्या दिवशी सेफ्टी पिनांनी तो वर घेण्याचा अनुभव मी घेतला आहे, तुम्ही नाही घेतलात तरी चालेल.

पावसाळ्यात

घालायची नाही. चुकून भिजली तर फडक्याने टिपा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली, सावलीत दोन दिवस ठेवा. जूनच्या आरंभी ब्रशने धूळ झटकून जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीत तर गणपतीपर्यंत बुरशी येते. मी दसऱ्याला बाहेर काढते. तेव्हा पहिल्या दिवशी परत वीस मिनिटं घरातच, कारण चार महिन्यांत ती तुमचा पाय विसरलेली असते.