प्रिंटर घेण्याआधी टेस्ट स्ट्रिप शिका

डिजिटल प्रिंटिंग शिकायला येणारी मुलं पहिल्यांदा विचारतात ते प्रिंटर कोणता घ्यायचा. मी सांगते, आधी टेस्ट स्ट्रिप, म्हणजे पूर्ण प्रिंटआधीची छोटी चाचणी-पट्टी, काढायला शिका. मी बरीच वर्षं एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रावर, कृष्णधवल प्रिंट काढले. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ पेपर मिळायचा तो काळ. पुढे २००५ साली कोडॅकने कृष्णधवल पेपर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा इंकजेट नीट शिकायलाच हवं हे मी मनाशी पक्कं केलं. त्या शिकण्यात डार्करूममधली सगळ्यात जास्त कामी आलेली गोष्ट म्हणजे ही पट्टी.

ब्रोमाइड पेपरच्या, म्हणजे उजेडाने चित्र उमटणाऱ्या फोटो कागदाच्या, पट्टीवर पुठ्ठा सरकवत उजेडाचे पाच-पाच सेकंदांचे टप्पे द्यायचे. मग चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते काम थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा हायपो. सेफलाइटखाली, म्हणजे डार्करूमच्या मंद रंगीत दिव्याखाली, प्रिंट असतो त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून निवाडा नेहमी पांढऱ्या दिव्यात. आकाशात टोन कुठल्या टप्प्याला येतो, केसांतला तपशील कुठे बुडतो, हे बघून वेळ ठरवायची. त्यातही फायबर पेपर (प्लास्टिकचा थर नसलेला फोटो कागद) वाळला की आणखी थोडा गडद होतो, तेवढी सूट आधीच धरायची. उन्हाळ्यात डेव्हलपर २० अंशांवर राहावा म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावा लागे.

इंकजेटवरही मी हेच करते. पूर्ण प्रिंट लगेच काढत नाही. फोटोतला कळीचा भाग, म्हणजे चेहरा किंवा पांढऱ्या कपड्याच्या चुण्या, कापून एकाच ए४ कागदावर कमी-जास्त उजेडाच्या चार-पाच आवृत्त्या छापते. शाई बसायला वेळ देते आणि खिडकीच्या उजेडात बघते. नवख्यांची तक्रार असते, ‘प्रिंट काळपट आला.’ बहुतेकदा दोष मॉनिटरचा असतो. नवा मॉनिटर डोळे दिपवेल इतका उजळ लावलेला असतो आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. कॅलिब्रेटर (मॉनिटरचा उजेड आणि रंग मोजणारं उपकरण) वापरून उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर या टप्प्यात आणा, निम्मी अडचण तिथेच सुटते.

दुसरी अडचण प्रोफाइलची. प्रत्येक कागदाचा त्या प्रिंटरसाठीचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल, वेगळा असतो आणि कागद बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या तो फुकट देतात. फोटोशॉपमध्ये तो निवडलात तर प्रिंटर ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण बंद करा, नाहीतर एकाच फोटोवर दोनदा दुरुस्ती होते आणि रंग बिघडतात. मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका खोल कधीच जात नाही. रात्रीच्या, दाट सावल्यांच्या फोटोंना मी म्हणूनच बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला) कागद देते. हाताला तो जुन्या फायबर पेपरची आठवण करून देतो, हेही खरं.

रिझोल्यूशनचा फार बाऊ करू नका. १२ × १८ इंचाला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांना ते जमतं.

घरी प्रिंटर परवडत नसेल तर गावातली लॅब चांगली आहे. तिथला ‘डिजिटल’ प्रिंट अनेकदा चांदीच्या क्षारांच्या पेपरवर लेझरने उजेड देऊन रसायनांत धुतलेला असतो, म्हणजे आपल्या डार्करूमचाच वारस. फक्त काउंटरवर स्पष्ट सांगा, ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा.’ नाहीतर तुम्ही मुद्दाम गडद ठेवलेली संध्याकाळ मशीन दुपारसारखी करून देईल.

डॉजिंग-बर्निंग, म्हणजे प्रिंटच्या एखाद्या भागाला कमी किंवा जास्त उजेड देणं, मात्र डार्करूममध्ये हाताने शिकलात तर उत्तम. हात किंवा तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा उजेडात सतत हलता ठेवायचा असतो, तो थांबला की कडा दिसते. माउसने मऊ कडेचा ब्रश कमी फ्लोवर, म्हणजे हलक्या जोरावर, ठेवून तेच करायचं. कुठल्याही शहरात सुरू असलेली डार्करूम सापडली तर दोन दिवस तिथे घालवा. इल्फर्डचा मल्टिग्रेड पेपर (फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येतो तो) आजही मिळतो.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागद दमट होऊन कडा वर उचलतात आणि प्रिंटरच्या हेडला घासतात. उरलेला कागद सिलिका जेलसोबत बंद पिशवीत ठेवा. प्रिंटर बराच काळ बंद राहिला तर नोझल सुकतात, म्हणून आठवड्याला एखादं रंगीत पान छापा. आणि प्रत्येक चांगल्या प्रिंटमागे पेन्सिलीने कागद, प्रोफाइल आणि तारीख लिहा. पूर्वी आम्ही तिथे अ‍ॅपर्चर, सेकंद आणि फिल्टर लिहीत असू.