नाट्य आणि आंतरविद्याशाखीय प्रयोगकलांच्या पदव्युत्तर शिक्षणाची तयारी

अर्जाचे संकेतस्थळ उघडण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावावा: आपल्याला नाटक करायला शिकायचे आहे, नाटकाचा अभ्यास करायचा आहे, की प्रयोग उभा करणे हीच संशोधनाची रीत म्हणून वापरायची आहे? अमेरिकेतील अभिनय वा दिग्दर्शनाची एम. एफ. ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) पदवी साधारणतः तीन वर्षांची असते आणि दिवसाचा बराचसा वेळ तालमीत जातो, ब्रिटनमधील एम. ए. मात्र बहुधा एका वर्षात संपते. न्यूयॉर्क विद्यापीठात १९८० साली पदव्युत्तर नाट्यविभागाचे नाव बदलून ‘परफॉर्मन्स स्टडीज’ असे ठेवण्यात आले, तेव्हा नाट्यदिग्दर्शक आणि अभ्यासक रिचर्ड शेखनर यांच्यासारख्यांनी मानववंशशास्त्राशी जोडलेला हा विषय विधी, खेळ आणि मिरवणुका यांनाही प्रयोग मानून तपासू लागला. केवळ अभिनयाची भूक असलेल्याची तेथे निराशा होईल.

उद्देशपत्रावर, म्हणजे आपल्याला काय आणि का शिकायचे आहे हे सांगणाऱ्या अर्जातील निवेदनावर, सर्वाधिक वेळ द्यावा. ‘मला लहानपणापासून रंगभूमीची ओढ आहे’ हे वाक्य निवड समितीने इतक्यांदा वाचलेले असते की ते खरे असले तरी उपयोगाचे नसते. त्याऐवजी, ‘प्रेक्षक उभे राहून, नटांच्या मधून फिरत असताना शांततेचा क्षण किती ताणता येतो, हे मला तालमीत ठरवता आले नाही; नृत्यरचना आणि ध्वनिरचना यांच्या साहाय्याने मला तेच शोधायचे आहे,’ असे लिहिले, तर अनेक कलांची गरज का आहे हे आपोआप कळते. आंतरविद्याशाखीय म्हणजे सगळे थोडेथोडे, असा समज अर्जातून डोकावू देऊ नये.

कामाच्या नमुन्यांत संगीत लावून कापलेल्या झगमगीत जाहिरातपटापेक्षा एकाच प्रवेशाचे सलग चित्रण द्यावे, कारण लय, मंचावरील हालचाल आणि चुका सावरण्याची पद्धत त्यातच दिसते. सामूहिक कामात आपला वाटा नेमका कोणता, म्हणजे संहिता, प्रकाशयोजना की हालचालींची रचना, हे प्रत्येक चित्रफितीखाली एका ओळीत नोंदवावे. शिफारसपत्रे मोठ्या नावांकडून घेण्यापेक्षा ज्यांनी आपल्याला तालमीत अडखळताना पाहिले आहे त्यांच्याकडून घ्यावीत.

संस्था निवडताना अध्यापकांची अलीकडची कामे पाहावीत आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना पत्र पाठवून दोन रोखठोक प्रश्न विचारावेत: तालमीची खोली आठवड्यातून किती तास मिळते, आणि नृत्य किंवा संगीत विभागाचे वर्ग प्रत्यक्षात घेऊ देतात का? माहितीपत्रकातले ‘आंतरविद्याशाखीय’ पुष्कळदा याच दुसऱ्या प्रश्नापाशी अडते. शुल्कमाफी आणि अध्यापन साहाय्यकाचे मानधन यांविषयीही प्रवेश स्वीकारण्याआधी लेखी विचारणा करावी.

अभिनयाच्या चाचणीसाठी सहसा परस्परविरोधी प्रकृतीची दोन स्वगते मागतात. ती पाठ करावीत, पण घट्ट बसवू नयेत. परीक्षक ‘आता हेच बसून, कुजबुजत म्हणा’ असे सांगतात, तेव्हा ते सूचना अंगात किती लवकर उतरते हे पाहत असतात.