सोलापूरहून परदेशी निघताना: विमानाचं अंतर आणि वेळ मोजण्यातल्या या चुका टाळा

सगळ्यांत महागात पडते ती तारखेची चूक. तिकिटावर 15 तारीख आणि 00:50 ही वेळ असेल, तर ते विमान 14 तारीख रात्री बारा वाजता संपली की लगेच सुटतं. 14 च्या रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरलीत, तर दादरला उतरेपर्यंत उजाडतं आणि विमान केव्हाच गेलेलं असतं. अशा तिकिटाला 13 च्या रात्रीची सिद्धेश्वर किंवा 14 च्या सकाळची वंदे भारत घ्या (वंदे भारतचा सुटीचा वार आधी बघा). विमानतळावर 14 तारखेलाच रात्री साडेनऊपर्यंत हजर राहा.

दुसरी चूक वजाबाकीची. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी 6 ला पोहोचायचंय. प्रवास पाच तासांचा नाही. लंडन साडेपाच तास मागे आहे, ते मिळवा: साडेदहा तास. येताना हाच फरक वजा करायचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार धरा. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, म्हणून मार्चमध्ये दोन्हीकडचा हिशोब वेगवेगळा करावा लागतो.

अंतराचा आकडा घेताना एकक वाचा. मुंबई–न्यूयॉर्क सुमारे 12,540 किलोमीटर, म्हणजेच 7,790 मैल, म्हणजेच 6,770 सागरी मैल. मैलांचा आकडा किलोमीटर समजलात, तर सोळा तासांचा प्रवास नऊ तासांचा वाटायला लागतो.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढू नका. मुंबई–न्यूयॉर्क अशी पट्टीने काढलेली सरळ रेघ प्रत्यक्षात सुमारे 14,200 किलोमीटर भरते. पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट उत्तरेकडून, आइसलँडच्या बाजूने जाते. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, लगेच दिसेल. विमान मात्र या वाटेनेही तंतोतंत जात नाही. बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या अनेक फेऱ्या लांबल्या.

अंतराला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगाने भागून वेळ काढणंही अपुरंच. 12,540 ला भागलं तर चौदा तास येतात, पण न्यूयॉर्कला जायला सोळाच्या आसपास लागतात. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढणं-उतरणं हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात: जाताना समोरून, येताना पाठीमागून. म्हणून परतीचा प्रवास बहुधा कमी वेळात होतो. जाण्याचाच आकडा परतीला लावून घरच्यांना न्यायला बोलावू नका.

‘डायरेक्ट’ म्हणजे ‘नॉन-स्टॉप’ नव्हे. डायरेक्ट विमान त्याच क्रमांकाने मध्ये कुठेतरी उतरू शकतं. तिकीट काढताना ‘स्टॉप’च्या रकान्यात शून्य आहे का, ते बघा.