दारातली रोजची रांगोळी : या चुका टाळा

रोज काढायची रांगोळी तळहाताएवढी असावी, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगते, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांतली कोणी ना कोणी मोबाईलवर तीन फुटी मोराचे चित्र दाखवून "ही कधी शिकवणार?" असे विचारते. सणाची रांगोळी आणि रोजची रांगोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सणाची रांगोळी पाहणाऱ्यांसाठी असते. रोजची रांगोळी मुख्यतः काढणारीसाठी किंवा काढणाऱ्यासाठी असते. त्या आठ-दहा मिनिटांत नजर, बोटे आणि श्वास एकाच रेघेवर येतात, दिवसाच्या कामांची यादी जरा मागे सरते, आणि आज कमळ काढायचे की शंख, पाकळ्या पाच की सहा, एवढा एक छोटा निर्णय पूर्णपणे आपल्या मनाने घेता येतो. घर, नोकरी आणि मुलांच्या शाळेच्या वेळा यांत असा स्वतःचा निर्णय दिवसातून एकदाही वाट्याला न येणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणूनच ही सवय मला महत्त्वाची वाटते आणि तीच ती चुका करून लोक ती सोडून देतात याचे वाईट वाटते.

पहिल्याच दिवशी मोठी रांगोळी घेणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती मीही केलेली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सासूबाईंनी दारापुढची जागा गेरूने सारवून माझ्या स्वाधीन केली होती. मी १५ ते ८ मधल्या ठिपक्यांची रांगोळी निवडली. ज्यांना ही भाषा नवी आहे त्यांच्यासाठी सांगते : मधल्या ओळीत १५ ठिपके, तिच्या वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करत ८ पर्यंत यायचे, आणि प्रत्येक ओळीचे ठिपके शेजारच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध द्यायचे. एकूण १६९ ठिपके होतात. मी वरच्या ८ च्या ओळीपासून सुरुवात केली आणि सहाव्या ओळीत, जिथे १३ ठिपके हवे होते, तिथे १२ दिले. ते मला कळले नाही. दीड तासानंतर, अर्धी नक्षी जोडून झाल्यावर, उजव्या कोपऱ्यातली पाकळी मिटेना, तेव्हा मी मागे जाऊन मोजले. घाईघाईने ओले फडके आणून चुकलेला भाग पुसायला गेले, तर पाण्याने गेरू सुटला, पांढरी पूड त्यात कालवली गेली आणि निम्म्या जागेवर गुलाबी राड झाली. दिवे लावायची वेळ झाली होती. सासूबाई बाहेर आल्या, "ओलं फडकं कशाला लावलंस गं?" एवढेच म्हणाल्या, आणि न बिघडलेल्या कोपऱ्यात त्यांनी ५ ते ३ चे ठिपके देऊन एक कमळ काढले. ५ ते ३ म्हणजे फक्त १९ ठिपके. पाचेक मिनिटांत ते कमळ झाले, आणि त्या दिवाळीत आमच्या दारात तेवढेच होते.

त्या संध्याकाळपासून तीन सवयी मी सोडलेल्या नाहीत. ठिपके देताना मधली, सर्वांत लांब ओळ आधी घालायची आणि मग वर व खाली सरकायचे, म्हणजे प्रत्येक नव्या ओळीला आधीच्या ओळीचा आधार मिळतो आणि चूक झाली तरी ती लगेच दिसते. रेघा जोडायला घेण्यापूर्वी प्रत्येक ओळ मोठ्याने मोजायची. आणि चुकलेली रांगोळी कधीही ओल्या फडक्याने पुसायची नाही. ती कोरड्या मऊ ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने उचलायची, आणि त्या जागी गेरूचा हात फिरवून तो पूर्ण वाळू द्यायचा.

नवशिक्यांनी पहिले दोन महिने ५ ते ३ च्या पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर ७ ते ४ घ्यावे, म्हणजे ३७ ठिपके होतात, आणि रोजच्या रांगोळीला आयुष्यभर तेवढे पुरतात. छोट्या आकृतीला कमी लेखणाऱ्यांनी आपल्याकडच्या गोपद्मांच्या, म्हणजे गाईच्या पावलांच्या चिन्हांच्या, व्रताकडे पाहावे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिकापर्यंत चार महिने रोज ३३ गोपद्मे काढायची, असे हे व्रत आहे. १२० दिवस धरले तर एकच लहानसे चिन्ह हात ३,९६० वेळा काढतो. ज्यांनी हे व्रत पाच वर्षे केले त्या बायकांच्या हातची रेघ एकदा पाहिली, म्हणजे रियाज कशाला म्हणतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

पूड आणि फरशी न पाहता हाताला दोष देणे

"माझ्या हातातच कला नाही" असे म्हणणाऱ्या बहुतेकींच्या हातात दमट पूड असते आणि पायांखाली गुळगुळीत पांढरी फरशी असते. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या दगडाची पूड. पावसाळ्यात ती ओल धरते, बोटांना चिकटते आणि रेघेऐवजी गोळ्या पडतात. ती उन्हात किंवा, ऊन नसेल तर, जुन्या तव्यावर मंद आचेवर कोरडी करावी, पूर्ण निवल्यावर चाळणीने चाळावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. पूड पिठासारखी फार बारीक असेल तर तिच्यात थोडी चाळलेली बारीक वाळू मिसळावी, म्हणजे ती मोकळी सुटते. चाळताना नाकातोंडावर रुमाल बांधावा, कारण दगडाची धूळ श्वासातून जाणे चांगले नाही, आणि लहान मुलांना त्या वेळी जवळ बसवू नये. तांदळाच्या पिठाची रांगोळीही सुंदर येते, फक्त तिला मुंग्या लागतात हे लक्षात घ्यावे.

फ्लॅटच्या दारातील चकचकीत फरशीवर पांढरी रेघ दिसत नाही आणि पूड घसरते. यावर माझा उपाय साधा आहे. एक फूट लांब-रुंद शहाबादी फरशीचा तुकडा फरशीवाल्याकडून कापून आणावा, त्यावर गेरू लावावा आणि तो दाराच्या बिजागरीच्या बाजूला, जिथे पाय पडत नाही तिथे ठेवावा. जिन्यातली जागा सामाईक असते, झाडणाऱ्या बाई ठरलेल्या वेळी येतात आणि शेजाऱ्यांची ये-जा असते. फरशीचा तुकडा उचलून घरात घेता येतो, त्यामुळे कोणाशी वाद होत नाही. गेरू आठवड्यातून एकदा, आदल्या रात्री लावावा. सकाळी ओल्या गेरूवर रांगोळी काढणाऱ्यांना मी थांबवते, कारण ओलसर जागेवर पडलेली पूड ओल शोषते, रेघेची कड फुगते आणि वाळल्यावरही ती मळकी दिसते.

चिमूट उंच धरणे

पूड अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावी, अंगठा तर्जनीवर हलकेच पुढे सरकवत ती सोडावी आणि हात जमिनीपासून बोटभर उंचीवर ठेवावा. हात उंच गेला की रेघ पसरते, फार खाली आला की ढीग पडतो. पूड संपेपर्यंत चिमूट ओढत नेऊ नये. रेघेचे शेवटचे टोक अशाने विरळ होते आणि मग त्यावर दुसरा हात फिरवावा लागतो, ज्याने रेघ दुप्पट जाड होते. थोडी पूड शिल्लक असतानाच नवी चिमूट घ्यावी. सुरुवातीला दहा सरळ रेघा आणि दहा अर्धगोल एवढेच रोज काढावेत. हे सांगितले की अनेकांचे चेहरे उतरतात, पण ज्यांनी पंधरा दिवस एवढेच केले त्यांना पुढे मी फारसे काही शिकवलेले नाही.

छाप्यांविषयी मला नेहमी विचारले जाते. छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या छाप्यावर पूड पसरली की क्षणात नक्षी उमटते, आणि सणाच्या दिवशी पाहुणे दारात असताना ते वापरण्यात काही गैर नाही. परंतु रोजच्या रांगोळीत छापा वापरला तर दार सजते आणि हाताला काहीच मिळत नाही. पूर्वी घरोघरी कागदाला उदबत्तीने भोके पाडून ठिपक्यांचे कागद करत असत. ती सोय मला मान्य आहे, कारण तो कागद फक्त ठिपके देतो, रेघ आपलीच राहते.

दिवस मोजणे आणि फोटो काढणे

आमच्या शेजारी एक काकू राहत. निवृत्तीनंतर त्यांना सकाळ खायला उठत असे, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. तीन महिने त्यांनी रोज वीतभर रांगोळी काढली. एके दिवशी कासव, एके दिवशी नुसती चार पाने, एके दिवशी त्यांच्या आईच्या करंड्यावरची वेल. त्यांची झोप सुधारल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. मग त्यांच्या नात्यातील कोणीतरी २१ दिवसांचा संकल्प सुरू केला, ज्यात प्रत्येकीने रोजच्या रांगोळीचा फोटो समूहावर टाकायचा होता. पहिल्या आठवड्यातच वीतभर रांगोळीची दोन फूट झाली, पांढऱ्या रेघेच्या जागी सात रंग आले, आणि दहा मिनिटांचे दीड तास झाले. फोटो चांगला यावा म्हणून काकू उजेडाची वाट पाहत बसू लागल्या. तेराव्या दिवशी गुडघा इतका सुजला की त्यांना उठवत नव्हते. चौदावा दिवस चुकला, संकल्प मोडला, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांनी रांगोळीच्या डब्याला हात लावला नाही. "एकदा मोडलं ते मोडलंच," असे त्या म्हणत.

२१ दिवसांत सवय लागते, या समजुतीचा मला राग येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. त्यात नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत असल्याचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात आढळले. काकूंना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी पुन्हा डबा उघडला, आणि आम्ही दोन नियम ठरवले. दिवस मोजायचे नाहीत आणि रांगोळी पूर्ण झाल्यावर तिच्याकडे मिनिटभर पाहायचे, फोटो काढायचा नाही. बसण्यासाठी त्यांनी बुटके स्टूल घेतले आणि शहाबादी तुकडा पाटावर ठेवला, त्यामुळे कमरेतून फार वाकावे लागत नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी उकिडवे बसून रांगोळी काढण्याचा हट्ट कोणीही धरू नये.

फोटोला माझा विरोध आहे याचे कारण असे की दुसऱ्या दिवशी ती रांगोळी झाडून टाकायची असते, आणि हे झाडून टाकणेच नव्याने हात चालायला सर्वांत उपयोगी पडते. काल वाकडी आलेली पाकळी आज तिथे नसते, त्यामुळे ती मनात घोळत नाही. फोटो ठेवला की कालच्याशी तुलना सुरू होते, आणि मग सकाळच्या दहा मिनिटांचीही परीक्षा होते.

रोज नवी नक्षी शोधत बसणे

मोबाईलवर नमुना शोधण्यात वीस मिनिटे जातात आणि काढायला पाच उरतात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात जे चैत्रांगण काढतात, त्यातली चिन्हे मी शिकायला येणाऱ्यांना मुळाक्षरांसारखी देते : शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, तुळशीवृंदावन, सूर्य, चंद्र, फणी, करंडा, हत्ती, आंबा. एक चिन्ह घ्यावे आणि आठवडाभर तेच काढावे, मात्र रोज त्यात एक गोष्ट बदलावी. सोमवारी शंख डावीकडे वळवावा, मंगळवारी त्याच्या पोटात वेल घालावी, बुधवारी दोन शंख समोरासमोर ठेवावेत. एका मुलाने, जो आईबरोबर सुटीत येत असे, सातव्या दिवशी कासवाच्या पाठीवर आपल्या इमारतीच्या खिडक्या काढल्या होत्या. नवीन सुचण्यासाठी नमुन्यांचा ढीग लागत नाही, एकाच नमुन्यापाशी थोडे जास्त थांबावे लागते.

आता काही लहान चुका. पंखा चालू ठेवून रांगोळी काढू नये. घामट बोटांनी पूड उचलू नये, आधी कोरडी पूड हाताला चोळून झटकावी. पांढरी रेघ पूर्ण होण्याआधी रंग भरू नयेत, आणि रोजच्या रांगोळीत रंग नसलेलेच बरे, हळदकुंकवाची चिमूट पुरेशी आहे. झाडलेली पूड मोरीत ओतू नये, ती पाण्यात विरघळत नाही, नळीत खाली बसते. ती कागदावर गोळा करावी, चाळून घ्यावी आणि सरावाच्या सरळ रेघांसाठी वेगळ्या डब्यात ठेवावी.