पोहण्याच्या तलावाचा पंप: दुरुस्त करायचा की बदलायचा?

पंप बिघडला की बहुतेक जण थेट नव्या पंपाची किंमत विचारतात. त्याआधी नेमकं काय बिघडलंय ते ठरवा, कारण तलावाचा पंप म्हणजे एकाच शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) बसवलेल्या दोन वस्तू आहेत. पुढे पाण्याचा भाग, म्हणजे जाळीची टाकी, इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) आणि मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग). मागे कोरडी मोटर. पुढच्या भागातले बहुतेक बिघाड स्वस्तात सुटतात. महागडा निर्णय मोटर गेल्यावरच घ्यावा लागतो, आणि मोटर बऱ्याचदा जाते ती पुढून ठिबकणाऱ्या पाण्यामुळे.

पंपाचा दोष नसतानाही पंपावर आळ येतो. पाणी कमी येत असेल तर आधी फिल्टरवरचं प्रेशर गेज बघा. फिल्टर स्वच्छ असतानाच्या प्रेशरपेक्षा काटा ०.५ ते ०.७ बारने वर गेला असेल तर फिल्टर तुंबलाय. बॅकवॉश करा (पाणी उलट दिशेने सोडून फिल्टर धुवा), पंपाला हात लावू नका. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर अडचण सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढण्याच्या बाजूला आहे: जाळी भरली आहे, तलावाची पातळी स्किमरच्या (वरच्या थराचं पाणी ओढणाऱ्या कप्प्याच्या) तोंडाखाली गेली आहे, इम्पेलरमध्ये पानं किंवा केस अडकलेत, किंवा पंप हवा ओढतोय. पारदर्शक झाकणाखाली सतत बुडबुडे दिसले की हवाच. पंप चालू ठेवून झाकणाच्या कडेला आणि सक्शनच्या जोडांवर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे गळती आहे. बहुतेक वेळा झाकणाची ओ-रिंग बदलून काम होतं. तिला सिलिकॉन ग्रीसच लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं.

मोटर गुणगुणते, पण फिरत नाही

लगेच बंद करा. अडकलेल्या मोटरला पुन्हा पुन्हा स्विच देऊन बघणं, हा वायंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जाळण्याचा सर्वात झटपट मार्ग आहे. मेन स्विच पाडून मागचं कव्हर काढा आणि शाफ्ट हाताने फिरवा. सहज फिरला तर संशय कॅपॅसिटरवर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या डबीवर. तो फुगलाय, तेल गळलंय असं दिसलं तर तपासायचीही गरज नाही, थेट बदला. दिसायला ठीक असेल तर आधी तो डिस्चार्ज करा (वीज बंद असली तरी त्यात चार्ज राहतो आणि झटका जोरात बसतो) आणि मल्टिमीटरने मायक्रोफॅरड मोजा. रन कॅपॅसिटर छापील आकड्यापेक्षा ५-६ टक्क्यांहून जास्त खाली आला असेल तर बदला. नव्याचे मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्टेज तेवढं किंवा जास्त चालतं, कमी नाही. एवढ्यावर पंप सुरू झाला तर बदलण्याचा विषय तिथेच संपला.

शाफ्ट फिरत नसेल तर इम्पेलर अडकलाय किंवा बेअरिंग जाम आहे. जाळी काढून इम्पेलरचं तोंड साफ करा. तरीही हलला नाही तर बेअरिंग.

मोटर आणि पंपाच्या मधून पाणी ठिबकतंय

हे सीलचं काम, आणि सर्वात जास्त टाळलं जाणारं. दिवसभरात पेलाभर पाणी गेलं तर काय बिघडतं, असं वाटतं. ते क्लोरीनचं पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग गंजून ओरडायला लागतं, मग ओल वायंडिंगपर्यंत पोचते. आज सीलचा खर्च, काही महिन्यांनी मोटरचा.

सील बदलताना वीज आणि व्हॉल्व्ह बंद करा, फिल्टरची हवा सोडून दाब उतरवा, ड्रेन प्लग उघडून पाणी काढा. बोल्ट सोडवले की मोटर इम्पेलरसकट मागे येते, पाइप कापावा लागत नाही. शाफ्टची मागची बाजू पान्याने धरून इम्पेलर आट्यांवरून सोडवा. काही मॉडेलमध्ये इम्पेलरच्या मधोमध उलट्या आट्यांचा स्क्रू असतो, तो आधी काढावा लागतो. जोर लावण्यापूर्वी मॉडेलची माहितीपत्रिका बघा. नव्या सीलच्या दोन गुळगुळीत चकत्यांना बोट लावू नका. बोटांचं तेलही गळतीला पुरतं. सिरॅमिकची बाजू साबणाच्या पाण्याने दाबून बसवा, ग्रीस फक्त ओ-रिंगला. हाउसिंगची ओ-रिंग त्याच वेळी बदला. खारं पाणी वापरणारा तलाव असेल तर त्यासाठीचंच सील मागा. आणि सुरू करण्यापूर्वी जाळीच्या टाकीत पाणी भरा. कोरडा चालवला तर नवं सीलही मिनिटांत करपतं.

बेअरिंग ओरडतं, स्विच पडतो

कर्कश आवाज म्हणजे बेअरिंग. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०३ किंवा ६२०४ असे नंबर अनेक मोटरींत दिसतात आणि सहज मिळतात. काढायला पुलर लागतो. पण बेअरिंग बदलण्याआधी शाफ्ट बघा. सीलच्या जागी गंजून खड्डे पडले असतील तर नवं सील तिथे टिकणार नाही, आणि बेअरिंगवरचा खर्च वाया जाईल. बेअरिंग बदललं तर सील बदललंच पाहिजे.

एमसीबी चालू करताच पडत असेल तर शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. अर्थ लीकेजचा ब्रेकर पडत असेल तर वीज अर्थकडे गळतेय, बहुधा ओल. तो ब्रेकर बाजूला सारून पंप चालवून बघू नका. पाण्यात माणसं उतरतात. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) वायंडिंग तपासून घ्या. १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर मोटर वाळवून पुन्हा मोजा. वाळूनही तेच आलं तर वायंडिंग गेलं.

इथे खरा प्रश्न सुरू होतो

वायंडिंग जळालं, किंवा बेअरिंगसोबत शाफ्टही गेला. मोटर भरून घेता येते, पण छोट्या मोटरीत रिवाइंडिंग, बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून रक्कम नव्या मोटरच्या जवळ जाते. सरसकट वापरला जाणारा ठोकताळा असा: दुरुस्ती नव्या पंपाच्या निम्म्याहून महाग आणि पंप आठ-दहा वर्षांचा, तर बदला. पंप दोन-तीन वर्षांचा असेल आणि पुढचा भाग धड असेल तर फक्त मोटर बदलणं शहाणपणाचं. हाउसिंगला तडा गेला असेल तर इपॉक्सी लावून वेळ काढू नका. दाबाखाली ती टिकत नाही.

या ठोकताळ्यात विजेचं बिल धरलेलं नसतं, आणि जुन्या एकाच वेगाच्या पंपाबाबत तोच आकडा मोठा असतो. समजा पंप १.१ किलोवॉट घेतो आणि रोज ८ तास चालतो: ८.८ युनिट. वेग बदलता येणारा पंप निम्म्या वेगावर निम्मं पाणी फिरवतो, म्हणून १६ तास चालवावा लागेल. पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते, म्हणजे कागदावर आठवा भाग. प्रत्यक्षात मोटर आणि ड्राइव्हचे तोटे धरून २५० वॉट धरा: ४ युनिट. रोजची बचत ४.८ युनिट, महिन्याला सुमारे १४४. आपल्या दराने गुणा. बारमाही तलावाला मोटर गेली की असाच पंप घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत. वर्षातून दोन-तीन महिने चालणाऱ्या तलावाला मात्र हा हिशेब क्वचितच जमतो, तिथे साधी मोटर पुरे. हीटर आणि सॉल्ट क्लोरिनेटरला (मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राला) किमान प्रवाह लागतो, बॅकवॉशला जास्त वेग लागतो, हे वेग ठरवताना लक्षात ठेवा.

नवा पंप घेताना जुन्याचा एचपी बघून तेवढाच किंवा "जरा मोठा" घेऊ नका. तलाव ५०,००० लिटरचा आणि पाणी ८ तासांत एकदा फिरवायचं, तर ताशी ६,२५० लिटर पुरतात. दीड इंची सक्शन पाइपातून सेकंदाला १.८ मीटर या वेगाने ताशी साधारण ८,५०० लिटरच जातात. त्यावर मोठा पंप नुसता आवाज करतो आणि इम्पेलर झिजवतो. फिल्टरच्या कमाल प्रवाहाचा आकडाही ओलांडू नका.

जुना पंप कशाने मेला ते शोधल्याशिवाय नवा जोडू नका. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमध्ये टाकण्याची सवय असेल तर पंप बंद असताना तिथलं पाणी आम्लधर्मी होतं आणि सुरू होताच ते सीलवर येतं. गोळ्या फ्लोटरमध्ये (तरंगत्या डबीत) ठेवा. मोटरखाली पावसाचं पाणी साचत असेल तर ओटा उंच करा. दोन्ही बाजूंना युनियन (सोडवता येणारे जोड) लावा आणि सक्शनला शेवटचं वळण आणि पंप यांच्या मध्ये पाइपाच्या व्यासाच्या पाचपट सरळ तुकडा ठेवा. पहिल्याच दिवशी क्लॅम्प मीटरने करंट मोजा. तो नेमप्लेटवरच्या अँपिअरपेक्षा जास्त नसावा. तो आकडा आणि स्वच्छ फिल्टरवरचं प्रेशर मार्करने पंपाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा.